औषधाचे वजनमाप



मंडीत केळी किंवा कापूस तोलला जातो, तेव्हा काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे की नाही, हे आपण पाहतो. निरीक्षकाजवळचे वजनही त्याहून वरच्या वजनाशी ताडलेले असते. म्हणून तर त्या शिक्क्याला मोल. खोट्या वजनांचा निषेध जुन्या करारातही आहे. पण औषधाच्या गोळीचे काय? डेक्सामेथासोनच्या गोळीत अनेकदा फक्त ०.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे खसखशीच्या एखाद-दुसऱ्या दाण्याचे वजन. बाकी सारी भर. ते औषध तेच आहे का, आणि तितकेच आहे का, हे कशाशी ताडायचे?

त्यासाठी 'प्रमाण नमुना' असतो. अतिशय शुद्ध केलेल्या औषधाची ही चिमूटभर भुकटी. तिची शुद्धता अनेक रीतींनी तपासून आकड्यात ठरवतात, आणि लहान बाटलीत बंद करून उजेड व दमटपणापासून जपतात. आपल्या देशात असे नमुने गाझियाबादचे इंडियन फार्माकोपिया कमिशन पुरवते. औषध कारखाने आपले रोजच्या वापराचे नमुने अशा मूळ नमुन्याशी ताडून घेतात.

तपासणीची रीत अशी. गोळी कुटून द्रवात विरघळवतात. प्रमाण नमुन्याचाही द्रव करतात. दोन्ही द्रव एकापाठोपाठ एकाच यंत्रातून सोडतात. औषध किती मिनिटांनी बाहेर पडले यावरून त्याची ओळख पटते, आणि आलेखावर उमटलेल्या उंचवट्याच्या आकारावरून प्रमाण कळते. गोळीचा उंचवटा नमुन्याच्या चार पंचमांश निघाला, तर औषध ८० टक्केच आहे. अशा गोळ्यांना साधारणपणे ९० ते ११० टक्क्यांची मुभा असते. म्हणजे ती गोळी नापास.

स्टिरॉइडच्या बाबतीत हे काम फार नाजूक आहे. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांचे अणू तेच, तितकेच, रेणूचे वजनही एकच. फरक एवढाच, की अणूंचा एक लहान गट एकात एका बाजूला तर दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला वळलेला. जणू एका जोडीचे दोन बैल, एकाचे शिंग तेवढे उलट वळलेले. काट्यावर दोघे सारखेच भरतील. दोघांचे प्रमाण नमुने शेजारी ठेवल्याशिवाय खात्रीने ओळखता येत नाहीत. शिवाय जोरही वेगवेगळा: डेक्सामेथासोन ०.७५, प्रेडनिसोलोन ५ आणि हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम, यांचा परिणाम जवळजवळ सारखा.

गुडघेदुखीवर, दम्यावर 'जडीबुटीच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत भारतात वेळोवेळी हीच औषधे मिसळलेली सापडली आहेत, आणि ती ओळखली गेली याच नमुन्यांमुळे. दोन दिवसांत दुखणे पळाले की आपण वैद्याची वाहवा करतो. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो. तरी अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी आपले काम थांबवलेले असते, आणि अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मात्रा हळूहळू उतरवतील. (गोठ्याबद्दलही सांगून ठेवतो: डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनाने गाभण गाय-म्हैस गाभडू शकते. टोचण्यापूर्वी ती गाभण असल्याचे पशुवैद्याला सांगा.)

विकत घेतलेल्या औषधाविषयी शंका आली, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम २६ साध्या ग्राहकालाही हक्क देते: नमुना १४-ए मध्ये अर्ज व ठरलेली फी भरून ते औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देता येते. मध्य प्रदेशाची सरकारी औषध प्रयोगशाळा भोपाळला आहे. दुकानाचे बिल जपा, आणि गोळ्यांचे पाकीट बॅच क्रमांकाच्या बाजूने फाडू नका.