किरणोत्सर्ग आणि जंतूंशी झुंजणारे शरीर

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याची आई मुंबईहून कर्करोगावरील किरणोपचार पूर्ण करून गावी परतल्या. त्यांच्या अंगात किरण शिरले आहेत व ते इतरांना बाधतील, अशा समजुतीने शेजाऱ्यांनी आपली मुले त्या अंगणात पाठविणे बंद केले. घरच्यांनीही त्यांचे ताट व तांब्या निराळा ठेवला. निराळ्या तांब्याचा अर्थ आमच्या समाजाला नव्याने सांगावयास नको. त्या मुलाने आम्हांस वर्गात विचारले, "सर, आईजवळ बसलो तर मला काही होईल काय?" त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पुरे करीत आहोत.

प्रथम मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बाहेरून यंत्राने दिलेले किरण दिव्याच्या उजेडासारखे असतात. दिवा मालवला की भिंतीवर उजेड उरत नाही. तसेच यंत्र बंद झाल्यावर रुग्णाच्या शरीरात किरण उरत नाहीत. अपवाद दोन. थायरॉइडच्या विकारासाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात दिलेले असेल, किंवा किरणोत्सर्गी द्रव्य शरीरातच बसविलेले असेल, तर रुग्णालय सांगेल तितके दिवस अंतर पाळावे लागते. एरवी आईच्या मांडीवर डोके ठेवण्यास कसलीही हरकत नाही. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. त्या माउलीपासून आपणांस धोका नसतो. आपल्या खोकल्यापासून आणि न धुतलेल्या हातांपासून तिला मात्र असू शकतो.

असे का व्हावे? किरण तर जंतूंचे मारेकरी आहेत. तुर्भे येथे १९७४ पासून आयसोमेड नावाचे केंद्र चालू आहे. तेथे शस्त्रक्रियेचे हातमोजे, पट्ट्या, सुया इत्यादी साहित्य कोबाल्टच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. परंतु त्यासाठी लागणारी मात्रा पाहावी. ग्रे हे किरणमात्रेचे माप आहे, आणि निर्जंतुकीकरणास सामान्यतः २५,००० ग्रे लागतात. आमचा देवगड हापूस अमेरिकेस जातो, तेव्हा कोयीतील भुंगा निकामी करण्यासाठी त्यास किमान ४०० ग्रे देतात. माणसाचे मात्र सर्व शरीर एकाच वेळी सुमारे ४ ग्रे मात्रेत सापडले, तर उपचारांविना निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. म्हणजे जी मात्रा माणसास मारते, ती बहुतेक जंतूंच्या खिजगणतीतही नसते. या झुंजीत किरण जंतूंच्या बाजूने लढतात, असेच म्हणावे लागेल.

कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. किरणांचा घाव सर्वांत आधी बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींवर. हाडांच्या पोकळीतील मज्जा ही अशी जागा. न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी जंतूंना गिळून टाकतात. त्यांचे आयुष्य इतके अल्प की रक्तात त्या फार तर दिवसभर फिरतात. म्हणून मज्जेला रोज सुमारे १०,००० कोटी नव्या पेशी घडवाव्या लागतात. हा कारखाना थांबला की पहिले काही दिवस साठ्यावर निभावते, माणूस बराही वाटतो. पुढे तीन-चार आठवड्यांच्या सुमारास संख्या तळाला जाते. लिम्फोसाइट या दुसऱ्या श्वेतपेशी मात्र एक-दोन दिवसांतच घटू लागतात. दुसरा घाव आतड्याच्या अस्तरावर बसतो. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होत असते. ते विरले की आतड्यात निमूटपणे नांदणारे जंतू रक्तात उतरतात. १९५० च्या सुमारास शिकागो येथील संशोधकांना किरण दिलेल्या उंदरांच्या रक्तात असेच जंतू आढळले होते. शत्रू बाहेरून यावा लागत नाही. कुंपण पडले की घरातलाच पुरतो.

हिरोशिमा व नागासाकीत १९४५ च्या ऑगस्टमध्ये स्फोटातून सुखरूप वाटलेली माणसे काही आठवड्यांनी केस गळून, घशात व्रण पडून, तापाने मेली, त्यामागे हेच कारण होते. आपल्या देशातील उदाहरण दिल्लीचे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले एक जुने यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. आत कोबाल्ट-६० आहे हे तोडणाऱ्यांस ठाऊक नव्हते. अनेक जण आजारी पडले व एकाचा मृत्यू झाला. भंगार वेचून पोट भरणाऱ्यांच्या वाट्यालाच हे यावे, याची खंत आम्हांस वाटते.

येथे चाणाक्ष पालक विचारतील, तोंडाच्या कर्करोगात तर ६० ते ७० ग्रे देतात, मग रुग्ण वाचतो कसा? ही मात्रा सहा-सात आठवड्यांत थोडी थोडी विभागून, आणि शरीराच्या लहानशा भागावर दिली जाते. बाकीची मज्जा शाबूत राहते. तरी कटीच्या हाडांसारखा मज्जेचा मोठा भाग किरणांखाली आला, किंवा सोबत केमोथेरपी असली, तर श्वेतपेशी उतरतात. न्यूट्रोफिल एका घन मिलिमीटरला ५०० च्या खाली गेले की धोका गंभीर. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राची मात्रा याच्या तुलनेत नगण्य असते. त्याने प्रतिकारशक्ती घटत नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले चित्र भीतीपोटी टाळू नये.

श्वेतपेशी उतरलेल्या रुग्णाविषयी एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग. त्याच नसतील तर पू धरत नाही, सूजही फारशी येत नाही. मासळी साफ करताना बोटात काटा घुसणे ही आमच्या किनाऱ्यावर रोजची बाब; जखम ठसठसली, पिकली की आपण सावध होतो. या रुग्णात ती पिकणारच नाही. बहुधा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट ताप आढळताच, रात्र असो वा सुटीचा दिवस, रुग्णास इस्पितळात न्यावे व उपचार कोणते चालू आहेत ते तेथे पहिल्याच वाक्यात सांगावे. ताप उतरविण्याची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने ताप झाकतो, जंतू मरत नाहीत. शिरेतून प्रतिजैविके वेळेत मिळाली तर बहुतेक जण बरे होतात, आणि मज्जेला चालना देणारी जी-सीएसएफ नावाची इंजेक्शनेही आता उपलब्ध आहेत.

आरंभी सांगितलेल्या मातेस असाच ताप एका शनिवारी रात्री भरला. मुलगा त्या वेळी घरी होता. वर्गात ऐकलेले त्यास आठवले, आणि शेजारच्याच रिक्षाने रात्रीच त्यांना इस्पितळात नेले. आठ दिवसांनी त्या घरी आल्या. तांब्या अजूनही निराळाच आहे. पण तो आता रोज उकळत्या पाण्याने धुतात, आणि त्यांच्याजवळ जाणारा आधी साबणाने हात धुतो.