कचेरीतील तिसरी व्यक्ती

हजेरीपुस्तकावर सही करण्यासाठी एक शिक्षिका कचेरीत येतात. मुख्याध्यापक प्रथम त्यांच्या साडीविषयी व मग अंगलटीविषयी काही बोलतात. बाई खाली मान घालून सही करतात आणि वर्गाकडे वळतात. तेथे आणखी दोन शिक्षक बसलेले असतात. एक खिडकीबाहेर पाहू लागतो, दुसरा कसनुसे हसतो. बोलणाऱ्यास ते हसणे संमतीसारखे वाटते. बाईंना मात्र, येथे आपल्या बाजूचे कोणी नाही, हे त्यातून कळून चुकते.

हे दोघे दुष्ट असतात असे नव्हे. लाटाने व डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरेल. प्रश्नावली भरीत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत धूर सोडण्यात आला. एकट्या बसलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांनी ते बाहेर जाऊन कळविले. परंतु शेजारी दोन माणसे मुद्दाम निर्विकार बसविली, तेव्हा दहांपैकी एकच उठला. प्रत्येकाने शेजाऱ्याचा चेहरा पाहून धोका नसल्याचे ठरविले.

कचेरीत याशिवाय वरिष्ठाचे भय असते. म्हणून सहकाऱ्याने भांडणच उभे करावे अशी अपेक्षा नाही. न हसणे, 'सर, हे बोलणे बरे नव्हे' एवढेच शांतपणे म्हणणे, तेही न साधल्यास एखाद्या तक्त्याचे निमित्त काढून बोलणे तोडणे, इतके बहुतेकांना शक्य असते. त्याहून मोलाचे पुढचे आहे. त्याच दिवशी 'बाई, मी ऐकले. आपल्याला काय करावेसे वाटते?' असे विचारावे. निर्णय बाईंचाच. त्यांना न विचारता गावभर बोभाटा करणारा हितचिंतक छळात भरच घालतो.

२०१३ च्या कायद्यानुसार नकोसे लैंगिक शेरे हाही छळच होय. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान आस्थापनेतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने ती सात दिवसांत पुढे पाठवावयाची असते. बाईंना स्वतः तक्रार करणे अशक्य असल्यास, त्यांच्या लेखी संमतीने, घटना ठाऊक असलेली व्यक्ती ती करू शकते. साक्षीदाराचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढते. एवढ्या काळात स्मृती पुसट होते. यास्तव पाहणाऱ्याने त्याच सायंकाळी तारीख, वेळ, उपस्थितांची नावे व उच्चारलेले शब्द लिहून ठेवावे. 'असभ्य बोलले' एवढ्याने समितीस काही कळत नाही. लिहिताना लाज वाटली तरी वाक्य जसेच्या तसे हवे. तो कागद घरी ठेवावा. कचेरीच्या कपाटाची किल्ली बहुधा मुख्याध्यापकांकडेच असते.