कोंबड्यांचा राखणदार
ऑस्ट्रेलियांतील वॉर्नांबूल शहराजवळ एका कोंबडीपालकानें कोल्ह्यांपासून आपल्या कोंबड्या राखण्यास इटलीचे पांढरे मारेम्मा कुत्रे ठेविले. त्यांचें काम पाहून २००६ सालीं त्याच जातीचे कुत्रे तेथील मिडल बेटावर पेंग्विन पक्षी राखण्यास नेले. परंतु असा राखणदार एका दिवसांत होत नाहीं. पिलूं दोन महिन्यांचें असतांच जाळीआड कोंबड्यांशेजारीं ठेवावें. पुढें तें एखादी कोंबडी मारतें. भुकेनें नव्हे, खेळतां खेळतां. येथेंच पुष्कळांचा धीर सुटतो व काठी उगारली जाते. मारानें तें धन्यास भितें, कोंबडीचा नाद सोडीत नाहीं. आम्ही म्हणतों, सकाळीं दाणे टाकतांना त्यास दोरीनें बरोबर न्यावें, शांत बसल्यास गोंजारावें. दीड-दोन वर्षें एकटें सोडूं नये. कुत्रा चांगला निघाला तरी आपल्या गांवीं मुंगूस फटींतून शिरतें. तिन्हीसांजेस खुराड्याचें दार आपणच लावावें.