प्रकोष्ठातील मज्जातंतूंची जोडवाट व नर्व्ह कंडक्शन चाचणी

हाताची दुर्बलता असलेला रुग्ण नर्व्ह कंडक्शनचा अहवाल दाखवितो, तेव्हा आम्ही बहुधा निष्कर्षाची ओळ वाचूनच थांबतो. येथे एक शारीरभेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मार्टिन यांनी 1763 मध्ये व ग्रूबर यांनी 1870 मध्ये वर्णिलेल्या या प्रकारात मीडियन मज्जातंतूतील काही चेष्टावह तंतू प्रकोष्ठातच अल्नर मज्जातंतूत शिरतात. साधारणतः शेकडा 15 ते 30 व्यक्तींत हा आढळतो. ही विकृती नव्हे.

चाचणीवरील परिणाम :

1) अल्नर मज्जातंतू मणिबंधाशी उत्तेजित केल्यास प्रतिसाद मोठा, तर कूर्पराशी लहान येतो, कारण तेथे हे तंतू अद्याप मीडियनमध्येच असतात. यालाच अवरोध समजण्याची चूक होते.

2) सोबत कार्पल टनेल विकार असल्यास मीडियनचा प्रकोष्ठातील वेग अवास्तव अधिक दिसतो.

निश्चितीसाठी मीडियन कूर्पराशी व मणिबंधाशी उत्तेजित करून अल्नरच्या स्नायूंवर नोंद घ्यावी. कूर्पराशी प्रतिसाद स्पष्टपणे मोठा आल्यास जोडवाट समजावी.

लक्षणे व अहवाल जुळत नसतील, तर शस्त्रकर्माचा सल्ला देण्यापूर्वी ही तपासणी झाली का, हे आम्ही अवश्य विचारावे. अहवाल रुग्णपरीक्षणाला पूरक आहे, पर्याय नव्हे.