सव्वा मीटरचे जाकीट

मराठी भाषेत ‘बेत’ हा एक मोठा गमतीचा शब्द आहे. बेत म्हणजे योजना. बेताचे म्हणजे माफक. घरची परिस्थिती ‘बेताची’ असते, आणि संकट ‘जिवावर बेतते’. याच कुळातले ‘बेतणे’ म्हणजे मापाप्रमाणे कापड आखून कापणे. कापड बेताचे असले म्हणजे बेत नीट करावा लागतो, नाहीतर प्रसंग जिवावर बेततो, हे मला या वर्षी प्रत्यक्षात शिकावे लागले. त्या शिक्षणाचा हा वृत्तान्त.

आमच्या नांदेडच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत बदामी रंगाच्या खादीचा एक कोरा तुकडा होता. त्यांनी तो जाकिटासाठी घेतला होता, परंतु शिवायचे राहून गेले. यंदा १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला ते जाकीट वडिलांच्या अंगावर असावे, असे आजीच्या मनात आले. शिंप्याने तुकडा पाहिला आणि म्हणाला, “दीड मीटर लागतं. हे सव्वाच आहे.” तशाच रंगाचे दुसरे कापड मिळणे शक्य नव्हते. तेव्हा मी लातूरच्या मावशीकडे गेले. ती घरीच शिवणकाम करते. तिने तुकडा हातात घेऊन एवढेच सांगितले, “बेतायला दोन दिवस घे, कापायला दहा मिनिटं. उलटं केलंस तर रडशील.”

प्रथम गणित पाहू. सव्वा मीटर म्हणजे सुमारे ४९ इंच. कापडाचा पन्हा ३६ इंच. वडिलांची छाती ३८, त्यात सैलपणासाठी ४ मिळवले की ४२. त्याचा चौथा हिस्सा साडेदहा. पुढच्या प्रत्येक भागाला यात बटणांच्या पट्टीसाठी पाऊण, पुढच्या शिवणीसाठी अर्धा आणि कुशीच्या शिवणीसाठी १ इंच धरला, म्हणजे पावणेतेरा इंच रुंदी झाली. पाठीला २१ अधिक २, म्हणजे २३. जाकिटाची उंची २६. खांद्याची शिवण आणि खालची दुमड धरून २८. दोन पुढे व एक पाठ शेजारी ठेवावेत तर साडेअठ्ठेचाळीस इंच पन्हा हवा. एकाखाली एक ठेवावेत तर ५६ इंच लांबी हवी. दोन्ही नव्हते. शिंपी खोटे बोलला नव्हता.

मग मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून ४९ बाय ३६ चा कागद केला व त्यावर भाग मांडून एक बेत जमवलाही. मावशीने तो पाहिला आणि विचारले, “कापड भिजवलंस का?” मी भिजवले नव्हते. कोरी खादी पाण्यात आटते. विणताना ताणून धरलेले सूत पाण्यात सैल होऊन आखडते. तुकडा रात्रभर साध्या पाण्यात ठेवला, न पिळता सावलीत वाळवला, ओलसर असतानाच इस्त्री केली आणि मापला. ४७ बाय ३५! दोन इंच गेले. माझा बेत फुकट गेला. पण फाडावा लागला तो कागद, कापड नव्हे. आधी शिवून नंतर धुतले असते तर ते जाकीट वडिलांना कधीच झाले नसते.

आता नवी मांडणी. वरच्या २८ इंचांत दोन्ही पुढचे भाग शेजारी बसवले. त्यांनी साडेपंचवीस इंच पन्हा घेतला. बाजूला साडेनऊ बाय २८ ची पट्टी उरली. खाली १९ इंच लांबी शिल्लक राहिली. त्यात २८ इंचांची पाठ बसणार कशी? येथे मावशीने युक्ती सांगितली. पाठ अखंड कापायची नाही. वर ८ इंचांची खांदापट्टी, शिंपी जिला योक म्हणतात, आणि खाली १८ इंचांची पाठ. जोडाला अर्धा आणि खाली अर्धा इंच धरून खालचा भाग बरोबर १९ इंच होतो. तळाला दुमडायला कापड उरत नाही, म्हणून तेथे अस्तराच्या कापडाची पट्टी आतून लावायची. खांदापट्टी साडेअठरा बाय ९ इंचांची. ती बाजूच्या पट्टीतून आडवी निघाली. तिच्यात उभा धागा खांद्यावर आडवा येतो; त्याने बिघडत नाही, उलट खांदा ओघळत नाही.

उरले काय? पाठीशेजारचा १२ बाय १९ चा तुकडा आणि पट्टीच्या टोकाचा साडेनऊ इंचांचा चौकोन. पहिल्यातून उभ्या गळपट्टीचे अडीच बाय १७ चे दोन थर निघाले. राहिलेल्या भागातून तीन इंची दोन पट्ट्या निघाल्या. चौकोनातल्या तीन पट्ट्यांपैकी दोन त्यांना जोडल्या, की बटण व काजांमागच्या आतल्या पट्ट्या पुऱ्या झाल्या. तिसरी छातीच्या खिशाच्या तोंडाला लागली. खिशाच्या पिशव्या आणि अस्तर आजोबांच्या जुन्या सुती धोतराचे. कापड एकरंगी होते म्हणून हे जमले. रेघा किंवा वेलबुट्टी असती तर तुकडे असे फिरवता आले नसते.

शिवताना क्रम महत्त्वाचा. आधी खांदापट्टी पाठीला, मग खिसा, मग खांदे, मग गळपट्टी. अस्तर लावताना मुंढ्याच्या गोलाईला शिवणीच्या दोन धागे अलीकडेपर्यंत चिरा द्याव्यात, नाहीतर कापड उलटल्यावर मुंढा आखडतो. कुशीची शिवण शेवटी, आणि आधी कच्ची. ती अंगावर घालून पाहिल्याशिवाय पक्की करू नये.

एका ठिकाणी मात्र मी मावशीशी वाद घातला. कुशीला इंचभर कापड आत का दडपायचे? तेवढे कमी केले तर खालचे खिसेही निघतील, असे माझे म्हणणे. शिवणीच्या आत राखलेल्या या कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. मावशी म्हणाली, “माया कापू नको. माणूस जाड होतो, बारीक होतो. माया असली की कपडा त्याच्याबरोबर चालतो.” मी खालचे खिसे सोडून दिले.

ही काटकसर केवळ आपलीच नाही. जपानी किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याचे असते व ते सरळ काटकोनी तुकड्यांत कापतात. त्यामुळे जवळजवळ काहीच वाया जात नाही. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ या काळात कपड्यांवर रेशन होते. जुन्यातून नवे कसे करावे हे सांगणारी ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका तेथील सरकारने १९४३ मध्ये काढली. त्याच वर्षी आपल्या देशातही कापड व सुताच्या नियंत्रणाचा हुकूम निघाला. आपल्या आज्यांनी मात्र पुस्तिकेची वाट पाहिली नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणारा हात हेच शास्त्र जाणत होता.

आणि आपल्या भागाला तर मापाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. लातूर जिल्ह्यातील उदगीरला खादीचे ध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजाची लांबी व रुंदी तीनास दोन याच प्रमाणात हवी. तेथे ‘चालेल’ हा शब्द चालत नाही.

१७ सप्टेंबरला सकाळी वडिलांनी जाकीट घातले. बटणे लागली, खांदा बसला. आजीने पाठीवरून हात फिरवला. तिचे बोट खांदापट्टीच्या जोडावर थांबले. मी घाबरले. ती म्हणाली, “जोड आहे का इथं? चांगला आहे. त्यांच्या धोतराचं अस्तर लावलंस ना?” मी हो म्हटले. मग ती काही बोलली नाही.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: आधी भिजवा, मग मापा, कागदावर मांडा, एक रात्र जाऊ द्या, पुन्हा मापा, आणि मगच कात्री उचला. कापड कमी असेल तेथे जोड द्या, खिसा सोडा. माया तेवढी सोडू नका.