नाल्यातील दगडाची ओळख

रायपूरच्या पश्चिमेकडून खारून नदी वाहते. पावसाळा ओसरला की या परिसरातील नाल्यांच्या पात्रांत करड्या व जांभळट चुनखडकाचे थर उघडे पडतात. त्यांवर कधी कधी एक चमत्कारिक आकृती दिसते. कोबीचा गड्डा आडवा कापावा तशी एकात एक बसलेली वर्तुळे! कोणी तिला कासवाची पाठ समजतो, कोणी झाडाचा बुंधा. हे दोन्ही तर्क खडकाचे वय लक्षात घेताच गळून पडतात.

छत्तीसगढच्या या खडकांत ज्वालामुखीच्या राखेचेही थर आहेत. त्या राखेतील झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून या खडकांचे वय सुमारे १०० कोटी वर्षे ठरविण्यात आले आहे. कवचधारी प्राण्यांचा प्रसार झाला तो सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. वृक्ष व कासवे तर त्याहून पुष्कळ अलीकडची. मग ही वर्तुळे कशाची?

ती स्ट्रोमॅटोलाइटची होत. उथळ समुद्राच्या तळावर नील-हरित सूक्ष्मजीवांचा चिकट पापुद्रा पसरे. त्यावर बारीक गाळ अडके, चुना साचे. सूक्ष्मजीव प्रकाशासाठी पुन्हा वर सरकत आणि नवा पापुद्रा तयार होई. असे थरावर थर चढून घुमट व स्तंभ उभे राहिले. म्हणजे हा कोणा प्राण्याचा देह नव्हे, सूक्ष्मजीवांनी रचलेले बांधकाम होय. ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात ते आजही चालू आहे.

मात्र प्रत्येक वर्तुळ स्ट्रोमॅटोलाइटचे नसते. खनिज द्रव्य एखाद्या कणाभोवती साचून गोटा बनला, तर त्याची वलये सर्व बाजूंनी पूर्ण असतात व तो खडकातून अखंड सुटतो. स्ट्रोमॅटोलाइटचे पापुद्रे उभ्या छेदात कमानीसारखे दिसतात; खालून ते बंद होत नाहीत आणि शेजारच्या थरांत मिसळतात. नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी तर बहुधा मँगनीजच्या संयुगांची असते. ती भेगेच्या पृष्ठावर पसरते. तिला पानाचे देठ वा शिरा नसतात. सौम्य आम्लाने दगड फसफसला, तर तो चुनखडक असावा एवढेच कळते, जीवाश्म असल्याचे नव्हे. नवशिके येथेच फसतात.

रायपूरचा निकष दुसऱ्या नाल्याला लावता येत नाही. छत्तीसगढच्याच उत्तर भागात मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठी १९५४ साली सागरी शिंपल्यांचे जीवाश्म आढळले. ते खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे. तेथे शिंपला सापडणे स्वाभाविक आहे. रायपूरच्या नाल्यातही वरच्या अलीकडच्या गाळात हाड मिळू शकते. पण ते गाळातले, खडकातले नव्हे.

म्हणून सुटा दगड मिळाल्यास प्रवाहाच्या वरच्या अंगास जाऊन त्याचा मूळ थर शोधावा. कडा धारदार असतील तर तो बहुधा जवळच असतो. गुळगुळीत गोटा दुरून आलेला असण्याचा संभव अधिक. शहरालगत बांधकामाची खडीही पात्रात येऊन पडते, हे विसरू नये. थरातील आकृतीचे, शेजारी नाणे ठेवून, छायाचित्र घ्यावे. जागा व थराचा कल टिपून ठेवावा. छिन्नी मात्र लावू नये. घुमटाची फुगीर बाजू समुद्रतळावरून वर, प्रकाशाकडे असे. खडक उलथलेला असला तरी त्याची मूळची वरची बाजू तिच्यावरून ओळखता येते. दगड उपटून घरी नेला की ही खूण नाहीशी होते.