उपासनेतील ऑर्गन : वाऱ्याचा, विजेचा आणि आकड्यांचा



'ऑर्गन' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या वाद्यांसाठी वापरतो. तिन्हींचा आवाज सारखा नसतो. तो कसा निर्माण होतो आणि आपल्या गायनावर त्याचा काय परिणाम होतो, हे आज समजून घेऊ या.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप पायस बारावे यांच्या काळात, १९५८ साली, रोमहून निघालेल्या सूचनेत विजेवरच्या ऑर्गनला फक्त तात्पुरती मुभा होती. तीही नळ्यांचा ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तर आणि बिशपांच्या परवानगीने. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यातील १२० व्या परिच्छेदात नळ्यांच्या ऑर्गनला मोठा मान दिला आहे. इतर वाद्ये पवित्र कार्याला शोभणारी असतील आणि भाविकांच्या भक्तीला खरोखर पोषक ठरत असतील, तर अधिकाऱ्यांच्या संमतीने तीही वापरता येतात.

१. नळ्यांचा ऑर्गन

यात भात्याची हवा नळीत शिरते आणि नळी बोलते. एक नळी एकच स्वर देते. म्हणून मोठ्या ऑर्गनमध्ये हजारो नळ्या असतात. आठ फुटी उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे ६५ कंपने निघतात, सोळा फुटी नळीतून त्याच्या निम्मी. असा खर्ज कानाइतकाच बाकालाही जाणवतो.

नळीचा स्वर स्थिर होण्याआधी हवेचा एक बारीक उच्चार ऐकू येतो, जणू स्वराआधीचे व्यंजन. प्रत्येक नळीचा आवाज वेगळ्या जागेवरून निघतो आणि सर्व आवाज मंदिराच्या हवेतच एकमेकांत मिसळतात. मात्र हे वाद्य हवामानाला नाजूक असते. उष्मा दहा अंशांनी वाढला की नळ्यांचा सूर अर्धस्वराच्या जवळजवळ एकतृतीयांशाने चढतो.

आपल्या संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन या प्रकारात मोडत नाही. त्यात नळ्या नसून पेटीसारख्या पितळी पट्ट्या असतात.

२. अ‍ॅनालॉग ऑर्गन

अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवरचा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. त्यात ९१ दातेरी चकत्या फिरतात आणि त्यांच्यापासून विजेची कंपने तयार होतात. तिथल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींनी या वाद्याला आपल्या भक्तिगायनात मानाचे स्थान दिले. पुढच्या बहुतेक अ‍ॅनालॉग ऑर्गनमध्ये वरच्या सप्तकाचे बारा स्वर तयार करून त्यांचीच कंपने निम्मी निम्मी करत खालची सप्तके मिळवली जात. त्यामुळे सूर अगदी पक्का, आवाज गोड आणि उबदार. पण सगळे स्वर एकाच गळ्यातून आल्यासारखे एकसुरी वाटतात.

३. डिजिटल ऑर्गन

अमेरिकेच्या अ‍ॅलन कंपनीने १९७१ साली पहिला डिजिटल ऑर्गन विक्रीस आणला. आजच्या अनेक डिजिटल ऑर्गनमध्ये खऱ्या नळ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून आकड्यांच्या रूपात साठवलेले असतात. नळीचा तो सुरुवातीचा उच्चारही त्यात येतो, आणि उन्हापावसाने सूर ढळत नाही. उणीव राहते ती स्पीकरची. शेकडो नळ्यांचे काम चारदोन स्पीकरवर पडले की आवाज दाटतो, आणि लहान स्पीकरला खर्ज पेलत नाही.

दमट हवेतले एक उदाहरण

नळ्यांचा ऑर्गन फक्त थंड देशांतच टिकतो असे नाही. फिलिपिन्समधील लास पिन्यास येथे फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन बांधला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत! कीड लागू नये म्हणून ते बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप आणि वादळांनी तो खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ ते १९७५ या काळात जर्मनीत त्याची दुरुस्ती झाली. आजही तो वाजतो. जवळ जे होते त्यातूनच त्या धर्मग्रामाने देवाच्या स्तुतीचे साधन उभे केले.

आपल्यासाठी बोध

नळ्यांच्या ऑर्गनसाठी फार मोठा खर्च आणि कायमची निगा लागते. तो प्रत्येक धर्मग्रामाला परवडणार नाही. पण त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. तो वाऱ्यावर चालतो, आपले गाणेही श्वासावरच चालते. वाद्य कोणतेही असो, त्याने भाविकांना गाते करावे, गप्प करू नये. यासाठी काही गोष्टी आपल्याला आजच करता येतील :

• कीबोर्डवरचा तयार ठेका बंद ठेवावा. यंत्र श्वासासाठी थांबत नाही, माणसांना थांबावे लागते.
• ओळ संपली की वादकाने हात उचलून लोकांना श्वास घेऊ द्यावा.
• स्पीकर थेट कानांवर न रोखता उंचावर ठेवावेत, म्हणजे आवाज मंदिरात पसरून मग आपल्यापर्यंत येतो.
• शेजारच्याचे गाणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा.

येत्या रविवारी ऑर्गन वाजू लागला की आपण स्वतःला विचारू या : मी नुसता ऐकतो आहे, की गातोही आहे? नळीत वारा शिरल्याशिवाय ती बोलत नाही. पवित्र आत्म्याचा श्वास आपल्यात शिरो आणि आपल्या ओठी प्रभूची स्तुती येवो.